संगणक कक्षातला एक तास मुलींच्या नावे लावा

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका
आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय : पाचवी ते आठवीच्या मुलींसाठी शाळेच्या वेळेतच संगणक मंडळ सुरू करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी एकाच मागणीसाठी लिहीत आहे. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात पाचवी ते आठवीच्या मुलींसाठी आठवड्यातून एकदा संगणक कक्षाचा एक तास राखून ठेवावा, त्या तासाला यंत्रासमोर फक्त मुलींनी बसावे आणि तो तास शाळा सुटल्यानंतर न ठेवता शाळेच्या वेळेतच ठेवावा. त्याला आपण मुलींचे संगणक मंडळ म्हणू. विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, हरित सेना आपल्या शाळांना नवीन नाहीत. त्यांच्याच रांगेत हे आणखी एक.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे, आई घरी विड्या वळायची. गेली 22 वर्षे मी संगणक शिकवते आणि गेली 4 वर्षे दर शनिवारी शहरातल्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या मुलींचे असे मंडळ चालवते. पुढे लिहिले आहे त्यातले बरेचसे त्या खोलीत पाहिलेले आहे.

त्या शाळेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा आठवीचा संगणकाचा तास चालू होता. कक्षात 12 संगणक, त्यांतले 9 चालू, आणि वर्गात मुले-मुली मिळून 38. म्हणजे एका यंत्राला चौघे. मी मागच्या भिंतीशी उभी राहून पाहत होते. नऊच्या नऊ यंत्रांवर माउस मुलाच्या हातात होता. मुली बाजूला बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवर वह्या होत्या आणि पडद्यावर जे उमटत होते ते त्या सुंदर अक्षरात उतरवून घेत होत्या. शिक्षकांनी तसे सांगितलेले नव्हते आणि कोणी कोणाला उठवलेही नव्हते. सगळे आपोआप ठरल्यासारखे झाले होते. तास संपल्यावर एकीला मी विचारले, ‘‘तू का नाही हात लावलास?’’ ती म्हणाली, ‘‘मॅडम, त्याला येतं ना.’’

तिचे म्हणणे खरे होते. त्याला येत होते. घरी वडिलांचा मोबाईल आधी त्याच्या हातात पडतो, मित्राकडे जुना संगणक असेल तर तो संध्याकाळी तिथे जाऊन बसतो, रात्री आठला घरी परतला तरी त्याला कोणी जाब विचारत नाही. तेवढ्याच वेळात ती भांडी घासते, धाकट्याला सांभाळते, आईला पाने कापून देते. मग शाळेत त्याला येते म्हणून माउस त्याच्याकडे जातो, आणि माउस त्याच्याकडे असतो म्हणून त्यालाच येत राहते. मुलींना संगणकात रस नाही असे आपण शिक्षक सहज म्हणून जातो. मीसुद्धा काही वर्षे तेच म्हणत होते, आणि त्याची मला आज खंत वाटते. रस हाताला लागल्याशिवाय कळत नाही. वहीत उतरवलेल्या संगणकात कोणाला रस वाटणार?

हा फरक एका वर्गापुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 38 टक्के स्त्रियांनी कधी तरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांमध्ये हे प्रमाण 61.5 टक्के होते. परदेशातला अनुभवही याच दिशेने जातो. अमेरिकेत 1980 च्या दशकाच्या मध्यास संगणकशास्त्राची पदवी घेणाऱ्यांत स्त्रिया 37 टक्क्यांच्या आसपास होत्या आणि पुढच्या 25 वर्षांत ते प्रमाण 20 टक्क्यांच्याही खाली आले. या घसरणीची जी कारणे अभ्यासक सांगतात त्यांतले एक मला फार ओळखीचे वाटते : त्याच काळात घरगुती संगणक बाजारात आले, त्यांच्या जाहिराती मुलग्यांसाठी होत्या, आणि घरात आलेला संगणक मुलाच्या खोलीत गेला. पुढे महाविद्यालयात पहिल्याच दिवशी वर्गातली निम्मी मुले काही वर्षांचा सराव घेऊन बसलेली दिसली की मुलींना वाटे, आपल्यात काही तरी कमी आहे.

अमेरिकेतलेच दुसरे उदाहरण आशेचे आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 साली संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली अवघ्या 7 टक्के होत्या, आणि 2000 साली त्या 42 टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींची बुद्धी बदलली नव्हती. विद्यापीठाने प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रामिंगच्या सरावाला वजन देणे थांबवले, नवख्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासक्रमात वेगळी सुरुवात ठेवली, आणि शिकवणाऱ्यांच्या मनातला ‘संगणकाचा विद्यार्थी कसा दिसतो’ हा साचा मोडायचा प्रयत्न केला. सराव नसणे आणि कुवत नसणे या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या. आपल्या शाळांना करायचे आहे तेही एवढेच, आणि आपण ते सतरा-अठराव्या वर्षी करण्याऐवजी बाराव्या वर्षी करू शकतो.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत मुली पुष्कळ दिसतात, हे मला कोणी तरी नक्की सांगेल. दिसतात, आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण त्या मुली कोणत्या घरांतून आल्या आहेत हे एकदा विचारून पाहावे. ज्यांच्या घरी संगणक होता, किंवा ज्यांच्या आईवडिलांनी सुट्टीत क्लास लावला, अशाच घरांची नावे बहुतेक वेळा पुढे येतात. विडी कामगारांच्या वसाहतींतून, यंत्रमागाच्या खोल्यांतून, माढा-मंगळवेढ्याकडच्या वस्त्यांवरून त्या शाखेपर्यंत पोहोचलेली मुलगी शोधावी लागते, आणि सापडली तर वर्तमानपत्रात तिचा फोटो छापून येतो. जे रोजचे असायला हवे त्याची बातमी होते.

आता सोलापूरविषयी एक गोष्ट, जी मी मंडळाच्या पहिल्या तासाला दर वर्षी सांगते. आपल्या चादरीवरचा मोर, कमळ, हत्ती हे सगळे जकार्डच्या पत्त्यांतून येतात. पुठ्ठ्याचे हे लांबट पत्ते दोऱ्याने एकमेकांना ओवलेले असतात आणि त्यांची माळ मागावर फिरत असते. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथे उभा धागा वर उचलला जातो. जिथे भोक नाही तिथे तो खालीच राहतो. मधून आडवा धागा जातो आणि नक्षीची एक ओळ विणली जाते. पुढचा पत्ता, पुढची ओळ. भोक आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. फ्रान्समधल्या लिऑंच्या जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 च्या सुमारास हे यंत्र केले. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्राला आज्ञा देण्यासाठी हेच पत्ते घेतले, आणि त्या यंत्रावर 1843 साली सविस्तर टिपणे लिहिताना एडा लव्हलेस या बाईंनी म्हटले की जकार्डचा माग जशी फुले-पाने विणतो तसे हे यंत्र बीजगणिताच्या नक्ष्या विणील. बर्नोली संख्या (गणितातली एक विशिष्ट संख्यामाला) काढण्याची जी पद्धत त्यांनी त्या टिपणांत मांडली, तिला जगातला पहिला प्रोग्राम मानणारे पुष्कळ आहेत.

वडिलांच्या कारखान्यातून टाकून दिलेल्या पत्त्यांची एक माळ माझ्याकडे आहे. ती मी मुलींच्या हातात देते. बहुतेकींनी असे पत्ते पाहिलेले असतात. कोणाच्या वडिलांच्या, कोणाच्या मामांच्या मागावर. एका मुलीने पत्ता खिडकीसमोर धरून भोके मोजली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे पप्पा प्रोग्राम चालवतात.’’ मला त्या वाक्यात भर घालावीशी वाटली नाही. मग आम्ही चौकटीच्या कागदावर एकेक अक्षर रंगवतो, भरलेल्या चौकटीला 1 आणि रिकाम्या चौकटीला 0 लिहितो, ते आकडे दुसऱ्या टोकाला बसलेल्या मुलीला वाचून दाखवतो आणि ती न पाहता तेच अक्षर आपल्या कागदावर काढते. यात संगणक लागत नाही, वीज लागत नाही. वर्गातल्या सगळ्यांत गप्प मुलीचाही आवाज या खेळात पहिल्यांदा ऐकू येतो, कारण आकडे तिच्याकडे असतात.

यानंतर आम्ही स्क्रॅचकडे वळतो. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्राम करायची ही प्रणाली अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 साली खुली केली. ती मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालते. जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली की मुलींना सिद्धेश्वरांच्या मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पडद्यावर काढायचे असतात. एकीने सात नंदीध्वजांसाठी तेच ठोकळे सात वेळा रचले. रचताना ती थकली, तेव्हा तिला ‘पुन्हा करा’चा ठोकळा दाखवला. मग तिने स्वतःहून विचारले की अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा घालायची असेल तर तिथे 68 टाकले की झाले का. झाले.

एका प्रसंगावर मात्र थोडे थांबते. सातवीतल्या एका मुलीची आई विड्या वळते आणि कारखान्यातून परतल्यावर रोज हिशेब जुळवते : किती दिल्या, किती नापास झाल्या, हजारी दराने किती मिळायला हवे. मुलीला हाच हिशेब संगणकाकडून करून घ्यायचा होता. तिने प्रश्न विचारणारे ठोकळे लावले : ‘‘आईने किती विड्या वळल्या?’’, ‘‘किती परत आल्या?’’, ‘‘हजाराला दर किती?’’ आम्ही तपासण्यासाठी 850 विड्या, 50 परत आणि सोपा म्हणून 200 रुपये दर धरला. उत्तर आले 840 रुपये. खोलीत एकच गलका झाला. एवढे पैसे आईला कधीच मिळत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होते. मी उत्तर सांगितले नाही. तिने आधी बोटांवर, मग वहीत हिशेब केला आणि पंधरा मिनिटांनी तिला सापडले की वजाबाकीचा ठोकळा बाहेर राहिला होता. हजाराने भागाकार आणि दराचा गुणाकार फक्त परत आलेल्या विड्यांचाच झाला होता. 850 मधून 10 गेले, 840 उरले. तिने वजाबाकीचा ठोकळा आत बसवला. 160. तिने पडद्यावर बोट टेकवले आणि बराच वेळ ते उचलले नाही.

गणिताच्या वहीत कंसाचे महत्त्व तिने यापूर्वी दहा वेळा वाचले असेल. इथे तिने ते स्वतः शोधले, आणि चूक सापडली याचा तिला आनंद झाला, लाज वाटली नाही. शेजारी सराव असलेला मुलगा बसला असता तर त्याने दोन मिनिटांत ठोकळा सरकवून दिला असता. चांगल्या मनानेच दिला असता, आणि तिची ती पंधरा मिनिटे गेली असती. फक्त मुलींचा तास मी का मागते, याचे खरे कारण ही पंधरा मिनिटे आहेत. मुलांवर अन्याय होईल अशी शंका काही पालक काढतात. मुलांचे इतर सगळे तास तसेच राहतात; आणि मंडळात वर्षभर बसलेल्या मुली नववीत मिश्र वर्गात माउस मागून घेताना मी पाहिल्या आहेत.

वेळेबद्दल आग्रहाने लिहिते, कारण पहिल्या वर्षी माझी चूक तिथेच झाली. मी मंडळ शाळा सुटल्यानंतर ठेवले होते. 24 नावे आली, दिवाळीपर्यंत 9 उरली. मला वाटले, उत्साह संपला. मग मी एकेकीच्या घरी गेले. कोणाला शाळा सुटताच विड्या वळायला बसायचे होते, कोणाला लहान भावाला बालवाडीतून आणायचे होते; काहींच्या घरी पाण्याच्या पाळीचा प्रश्न होता, कारण आपल्या शहरात पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी घागरी भरायला घरात मुलगीच थांबते. खेड्यातल्या शाळांत तर एसटीची वेळ हाच शेवटचा शब्द असतो. राज्य शासनाच्या अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो, पण पास असला तरी बस चुकली की पुढची अंधारात. दुसऱ्या वर्षी त्या मुख्याध्यापिकांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास मंडळाला दिला. तेव्हापासून गळती जवळपास थांबली. मुली त्याच, मी तीच. बदलला होता फक्त तास.

दुसरा अडसर किल्लीचा आहे. जिल्ह्यातल्या एका शाळेत मला दाखवलेला संगणक कक्ष अत्यंत स्वच्छ होता, कारण तो उघडलाच जात नव्हता. कंत्राटी संगणक शिक्षकांची मुदत संपली आणि कुलूप लागले ते लागलेच. यंत्रांवर पांढरी कापडी आवरणे होती. काही बिघडले तर जबाबदारी कोणावर, ही मुख्याध्यापकांची भीती मी समजू शकते. साठा नोंदवहीत त्यांची सही असते. पण बंद खोलीतले यंत्रही पाच-सात वर्षांनी निरुपयोगीच होते, फक्त त्याच्यावर कोणाच्या बोटांचे ठसे नसतात. शाळा व्यवस्थापन समितीने एक ठराव करून वापरातल्या बिघाडासाठी शिक्षकाला वैयक्तिक जबाबदार धरले जाणार नाही असे लिहून दिले, आणि कक्षाची एक किल्ली मंडळ घेणाऱ्या शिक्षिकेकडे दिली, तर अर्धे काम तिथेच होते.

पैशांची अडचण फारशी नाही, म्हणून त्यावर थोडेच लिहिते. जुन्या संगणकांवर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली आणि स्क्रॅचची जुनी आवृत्ती टाकली तर ते पुन्हा कामाचे होतात. ज्या शाळांना केंद्राच्या योजनेतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा मिळाली आहे त्यांच्याकडे साहित्य आहेच. तिथेही कोणाच्या हातात काय असते एवढे एकदा मागच्या भिंतीशी उभे राहून पाहावे. ज्यांच्याकडे चालू यंत्र एकही नाही त्यांनी कागदावर सुरुवात करावी. पाच पुठ्ठ्यांवर 16, 8, 4, 2 आणि 1 ठिपके काढून पाच मुलींना ओळीत उभे केले, तर पुठ्ठे उलटे-सुलटे करून 0 पासून 31 पर्यंतची प्रत्येक संख्या दाखवता येते आणि द्विमान पद्धत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून संख्या लिहिण्याची रीत, अर्ध्या तासात समजते. लिथुआनियात 2004 साली सुरू झालेली बेब्रास ही तर्ककोड्यांची स्पर्धा आता आपल्याकडे मराठीतही होते. तिची जुनी कोडी सरावाला उत्तम आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंग आणण्याचे म्हटलेच आहे, त्यामुळे हा तास अभ्यासाबाहेरचा आहे अशी हरकतही राहत नाही.

मंडळ कोणी घ्यावे? संगणकाची पदवी असलेली व्यक्ती मिळाली तर उत्तम, पण तिच्यासाठी थांबू नये. गणिताच्या किंवा विज्ञानाच्या बाई मुलींच्या एक पाऊल पुढे राहून शिकल्या तरी पुरते. ‘‘मलाही येत नाही, आपण पाहू’’ असे शिक्षिकेच्या तोंडून ऐकणे मुलींना फार धीर देते. सोबत शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या आणि तंत्रनिकेतनांतल्या मुली बोलवाव्यात; शक्यतो त्याच शाळेतून, त्याच गल्लीतून गेलेल्या. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. मोठ्या ताईने ‘व्हेरिएबल’ (चल, म्हणजे किंमत बदलू शकणारी राशी) म्हणजे काय हे घरच्या भाषेत एकदा समजावले की इंग्रजी शब्दांची धास्ती उरत नाही. दोघींना एक यंत्र दिले तर दर दहा मिनिटांनी जागा बदलायची, हा नियम मात्र घड्याळ लावून पाळावा. तो नाही पाळला तर मुलींमध्येही एक चालवणारी आणि एक वहीत उतरवणारी तयार होते. हेही मी पाहिले आहे.

आणि वर्षातून एकदा आयांना बोलवा. पालक सभेला नव्हे, मुलींचे काम पाहायला. त्या विडीच्या हिशेबाच्या मुलीची आई आली होती. तिने दिवसभराचे आपले आकडे मुलीला सांगितले, पडद्यावरचे उत्तर पाहिले आणि पदराच्या गाठीतली चिठ्ठी काढून ताडून पाहिले. जुळले. त्यानंतर त्या घरातून शनिवारी मुलीला कोणी थांबवले नाही.

हे मंडळ सगळे प्रश्न सोडवील असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. माझ्या मंडळातल्याही दोघी दहावीनंतर शाळेत परतल्या नाहीत. दुसरीकडे 2024 पासून राज्य शासनाने वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. ही सवलत बारावीनंतरच्या दारावर उभी आहे. तिथवर जाण्याची इच्छा सातवीत तयार व्हावी लागते, आणि ‘‘मला पुढे हे करायचंय’’ असे नाव घेऊन सांगणाऱ्या मुलीशी घरातले वेगळे बोलतात, हे मी चार वर्षांत अनेक घरांच्या उंबऱ्यावर ऐकले आहे.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पहिल्या आठवड्यात वेळापत्रक भिंतीवर लागते. त्याआधी समितीच्या बैठकीत हा विषय घ्यावा, एक तास ठरवावा, एका शिक्षिकेचे नाव लिहावे आणि तिच्या हाती किल्ली द्यावी, ही विनंती. माझा शनिवार एका शाळेला दिलेला आहे. बुधवारची सकाळ मोकळी आहे. ज्या शाळेला सुरुवात करायची असेल तिथे पहिले चार तास मी स्वतः येऊन घेईन, आणि येताना जकार्डच्या पत्त्यांची माळ सोबत आणीन.

आपली नम्र,
एक संगणक शिक्षिका,
पूर्व भाग, सोलापूर